तापी माहेरी जाते

आज तुम्हाला एका आजीच्या आयुष्यात जायचं आहे. तिला इथे नाव दिलेलं नाही, कारण ती एकीची गोष्ट नव्हे. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यातून लग्न होऊन बऱ्हाणपुरात आलेल्या, दोन राज्यांच्या सीमेवर संसार केलेल्या आणि आता एकेक करून निघून जाणाऱ्या कितीतरी जणींच्या आठवणींतून ती उभी राहिली आहे. या प्रवासापुरती ती तुमची आजी. गावं, नदी, रेल्वे, सरकारं आणि सालं मात्र खरी आहेत. तुम्ही तिला पाहाल, तिचं बोलणं ऐकाल. तिला तुमची चाहूल लागणार नाही. पायात चपला घट्ट असू द्या. पहिला मुक्काम शेतातला आहे.

डिसेंबर १९३६ : फैजपूर

रस्ता धुळीचा आहे आणि बैलगाड्यांची रांग नजर पोचेल तिथवर लागली आहे. सावदा स्टेशनावर उतरून माणसं पायी येताहेत. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. आजवर काँग्रेसचं अधिवेशन शहरांत भरायचं. ते पहिल्यांदाच खेड्यात भरतंय, आणि तेही खानदेशात. साने गुरुजींनी त्यासाठी गावंच्या गावं पालथी घातली आहेत. शेतात वसवलेल्या या नगराला टिळकनगर म्हणतात. शांतिनिकेतनाहून आलेल्या नंदलाल बोसांनी त्याची सजावट बांबूची आणि खेड्यात मिळणाऱ्या साध्या सामानाची केली आहे. थांबून बघावं अशी ती आहे, पण तुम्हाला थांबता येणार नाही. मागून गर्दी ढकलते आहे.

समोर बापाच्या खांद्यावर बसलेली आठ वर्षांची मुलगी दिसते? परकर-पोलकं, तेल लावून चापून घातलेली वेणी, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. हीच ती. तिचं गाव रावेर तालुक्यात, तापीच्या काठावर. बापाने पहाटे गाडी जुंपून घरातल्या सगळ्यांना आणलं आहे. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू झेंडा चढवतात आणि तो मध्येच अडकतो. खांब खूप उंच आहे. खाली कुजबुज सुरू होते. मग शिरपूरकडचा एक तरुण पुढे होतो, सरसर वर चढतो, दोरी मोकळी करतो, आणि सगळं मैदान एकदम गजर करतं.

ही गोष्ट ती आयुष्यभर सांगणार आहे. त्या दिवशीचं एकही भाषण तिच्या लक्षात राहणार नाही, पण खांबावर चढणारा माणूस तिने स्वतः पाहिला आहे. आता गर्दीतून तिच्या आईची हाक ऐका. मुलीला नावाने हाक मारते आहे ती. हे नाव नीट ऐकून ठेवा. पुढच्या मुक्कामी ते बदलणार आहे.

मे १९४३ : रावेर ते बऱ्हाणपूर

वैशाखाचं ऊन आहे. जी.आय.पी. रेल्वेची पॅसेंजर रावेरहून सुटली आहे आणि लढाईच्या दिवसांमुळे डब्यात पाय ठेवायला जागा नाही. पंधरा वर्षांची नवी नवरी खिडकीशी बसली आहे, मुंडावळ्या अजून कपाळावर. वाघोडा मागे पडतं आणि तासाभराच्या आत बऱ्हाणपूर येतं. एवढ्याशा प्रवासात तिचं सरकार बदललं. माहेर मुंबई इलाख्यातल्या पूर्व खानदेशात. सासर मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या निमाड जिल्ह्यात, कचेरी खंडव्याला, राजधानी नागपूर.

खरं तर ती खानदेशातून खानदेशाच्याच जुन्या राजधानीत आली आहे. फारुकी सुलतानांनी दोनशे वर्षं खानदेशावर राज्य केलं ते याच गावातून. १६०१ मध्ये अकबराने जवळचा असीरगड घेतला आणि ते राज्य संपलं. पुढे इंग्रजांनी प्रांत आखले तेव्हा राजधानी एकीकडे गेली आणि मुलूख दुसरीकडे राहिला. तिला हे कोणी सांगितलेलं नाही. तिला एवढंच कळतं, की स्टेशनावरचे हमाल हिंदीत ओरडताहेत आणि टांगेवाला आपल्या सासऱ्यांशी तिसऱ्याच कुठल्या तरी मिश्र बोलीत भाव ठरवतो आहे.

स्टेशन लालबागला आहे, गाव तिथून दोन-तीन किलोमीटर. टांग्याच्या मागच्या बाजूला तुम्हीही बसा. लालबागला ताप्ती मिलचं धुराडं दिसेल. नवरा तिथे साच्यावर कामाला आहे. मिलचा भोंगा यापुढे तिचं घड्याळ होणार आहे. पहाटे चूल पेटवायची ती भोंग्यावर, डबा भरायचा तोही भोंग्यावर. मग शनवारा दरवाजा येतो. १७३१ मध्ये निजाम-उल-मुल्कने बांधलेल्या परकोटाचा हा दरवाजा. आत शिरलात की दोन्ही बाजूंनी हातमागांचा आवाज सुरू होतो. कापडाचं गाव आहे हे, आणि तरी या वर्षी कापडाला कंट्रोल आहे, सुताचा तुटवडा आहे, निम्मे माग रिकामे आहेत.

उंबरठ्यावरचं माप ओलांडून ती आत येते. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले जातात आणि नवरा हातातल्या अंगठीने त्यावर एक नाव लिहितो. ते तिचं नवं नाव. बायका टाळ्या वाजवतात, पेढे वाटले जातात, सासू तिला त्या नावाने पहिली हाक मारते. ती पटकन वळून पाहत नाही. आपल्याला हाक मारली आहे हे कळायलाच तिला वेळ लागतो. तुम्ही फैजपूरला ऐकलेलं नाव या घरात पुन्हा कोणी घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या रांजणातलं पाणी ती तोंडाला लावते आणि थबकते. गावाकडच्या विहिरीचं पाणी असं लागत नव्हतं. हे भंडाऱ्याचं पाणी आहे. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपत येणारं पाणी इथे जहांगीर बादशहाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, खानखाना अब्दुर्रहीमच्या कारकिर्दीत, भुयारं खणून मध्येच अडवलं गेलं. इराणातून आलेल्या तबकुतुल अर्ज नावाच्या जाणकाराने त्याची आखणी केली असं सांगतात. एका ओळीत शंभरावर कुंड्या, म्हणजे वरून विहिरीसारख्या दिसणाऱ्या पण तळाशी भुयाराने एकमेकींना जोडलेल्या. त्यांतून पाणी केवळ उताराने वाहत गावापर्यंत येतं. ना मोट, ना रहाट. कुंडी भंडारा हे त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं काम. म्हणजे या गावाची तहानही एका परदेशातून आलेल्या माणसाच्या अकलेने भागली.

दुपारी ती मागच्या ओसरीत एकटी बसून रडते. तुम्ही काही करू शकत नाही. पण भिंतीपलीकडची म्हातारी शेजारीण हे ऐकते. ती मोमीन विणकराच्या घरची आहे, तिच्या मांडीवर सुताच्या कांड्या आहेत आणि बोलताना तिचा हात थांबत नाही. ती म्हणते, "दुल्हन, रोती क्यों है? ये मुलुक मेरा भी कब था? हमारे दादा आज़मगढ़ से पैदल आए थे." १८५७ च्या बंडानंतर उत्तरेकडून उठलेली अनेक विणकर कुटुंबं मालेगाव, भिवंडी आणि बऱ्हाणपूरला येऊन ठेपली. त्यांपैकी हे एक. नव्या सुनेला त्यातलं निम्मंच कळतं. तरी ती डोळे पुसते आणि त्या बाईच्या हाताकडे बघत राहते, कारण कांडी इतक्या झपाट्याने भरता येते हे तिने आजवर पाहिलेलं नाही. महिन्याभरात ती स्वतः कांड्या भरायला शिकेल. हिंदीही ती त्याच ओसरीवर शिकेल, म्हातारीला 'खाला' म्हणत.

१९४८ : दारावरची बाई

पाच वर्षं गेली. आजीच्या कडेवर मूल आहे आणि दुसरं पोटात. दारात एक गोरीपान, खंगलेली बाई उभी आहे, डोक्यावर टोपली, टोपलीत पापड. सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती गावाबाहेर पडते आहे, आणि त्या घरांतल्या बायका पापड लाटून दारोदार विकताहेत.

बऱ्हाणपूरला सिंधी माणूस नवा नाही. इथे सिंधीपुरा नावाचा जुना मोहल्ला आहे, सोळाव्या शतकात सिंधमधून निघून आलेल्या सूफींनी आणि त्यांच्या माणसांनी वसवलेला. बोहरा, गुजराती, मोमीन, मराठी, सगळेच या गावात कधी ना कधी गाठोडं घेऊन उतरले. पण ही बाई स्वतःच्या पायांनी नव्या वाटेला लागली नव्हती. तिला घरातून उठवलं गेलं होतं.

आजी पापडाच्या बदल्यात सूपभर ज्वारी देते आणि बायका बायकांना विचारतात तेच विचारते, "माहेर कुठलं?" हिंदीत पुन्हा विचारते, "पीहर किधर का?"

"लाड़काणा."

"और ससुराल?"

"वो भी लाड़काणा." मग थोडं थांबून ती म्हणते, "अब दोनों नहीं."

आजीचं माहेर पंचवीस किलोमीटरवर आहे. दिवाळीला भाऊ येतो, आखाजीच्या सणाला बाप गाडी पाठवतो. त्या दिवसापासून माहेर लांब आहे अशी तक्रार तिच्या तोंडून कोणी ऐकली नाही. त्या सिंधी बाईला तिने ज्वारीची भाकरी थापायला शिकवलं, कारण गव्हाला पैसे पुरत नव्हते. पहिल्या भाकऱ्या तव्यावर जाईपर्यंत तुटायच्या. पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं, तळहाताने रगडून मऊ करायचं, हात ओला ठेवायचा आणि भाकरी काठाकडून फिरवत जायची, हे सगळं हातात हात धरून शिकवावं लागतं. दोघींची अर्धी भाषा हाताचीच होती.

१९५६ : न हलता परगावी

या वर्षी दोन दिवस बघायचे आहेत. पहिला २६ एप्रिलचा. बऱ्हाणपूरच्या पुढे थोड्याच स्टेशनांवर, जंगलात, नेपानगर उभं राहिलं आहे. भारतातला वर्तमानपत्राच्या कागदाचा हा पहिला कारखाना. निमाडच्या रानातला सलईचा लाकूडफाटा आणि बांबू इथे कागद होतो. पंतप्रधान नेहरू तो देशाला अर्पण करायला आले आहेत. आजीचा दीर तिथे नोकरीला लागला आहे, त्यामुळे घरातून सगळे निघाले आहेत. गर्दीत ती जावेला सांगते, "मी यांना फैजपूरला पाहिलंय. झेंडा अडकला होता." वीस वर्षांत तेव्हाची पोर तीन लेकरांची आई झाली आणि तेव्हाचे अध्यक्ष पंतप्रधान झाले. तिला त्यांचे पिकलेले केस दिसतात आणि वाईट वाटतं.

दुसरा दिवस १ नोव्हेंबरचा. त्या सकाळी तिच्या घरात काहीच घडत नाही. भोंगा होतो, चूल पेटते, दूध उतू जाता जाता राहतं. पण रात्रीतून राज्य बदललं आहे. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. आता नागपूर आणि सगळा विदर्भ मुंबई राज्यात गेला, बऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, राजधानी भोपाळ झाली आणि कारभाराची भाषा हिंदी. साडेतीन वर्षांनी, १ मे १९६० ला, तिचं माहेर महाराष्ट्रात जाईल. नवरी म्हणून तिने प्रांत ओलांडला होता. या वेळी ओसरीत बसल्या जागी ती परराज्यातली झाली.

पुढची काही वर्षं झपाट्याने बघा. रेशनकार्ड हिंदीत, कोर्टाचा कागद हिंदीत, मुलांची शाळा हिंदीत. मोठा मुलगा दप्तर टाकून म्हणतो, "माँ, भूख लगी." ती वाढते, पण म्हणते, "मराठीत माग." तो कुरकुरतो. ती रागावत नाही. तिचं कारण साधं आहे: "मामाकडे जाशील तेव्हा त्यांच्याशी काय बोलशील?"

तिने मराठीसाठी मोर्चा काढला नाही, अर्ज केला नाही. तिने संध्याकाळी दिवा लावल्यावर पोरांकडून पावकी-निमकी म्हणून घेतली. ताटीमागे रुसून बसलेल्या ज्ञानोबांची समजूत घालणाऱ्या मुक्ताईची गोष्ट सांगितली. महाशिवरात्रीला पोरांना घेऊन चांगदेवच्या यात्रेला गेली, जिथे पूर्णा तापीला मिळते. कचेरीतून आणि शाळेतून मराठी गेली, ती घरात टिकली ती अशा बायांच्या तोंडी. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. बऱ्हाणपूरच्या गल्ल्यांत आजही मराठी ऐकू येते. साठ-सत्तर वर्षं सरकारी आधाराशिवाय एखादी बोली राहते, तेव्हा कोणीतरी ती रोज स्वयंपाकघरात वापरलेली असते.

मे १९६४ : आखाजी

अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि हा सण लेकींचा. झाडाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, माहेरवाशिणीने चार दिवस काम करायचं नाही. आजीची आई गेल्या वर्षी गेली. या वर्षी ती माहेरी जाणार नाही; तिची स्वतःची थोरली लेक पहिल्यांदा माहेरी आली आहे. म्हणून आज मांडे आहेत.

जवळ या, अगदी चुलीपाशी. मातीचं मोठं खापर पालथं घातलं आहे आणि खाली कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भडका जाळ आहे. गहू ओलवून, दळून, फडक्यातून गाळून काढलेलं पीठ तिने पहाटेच भिजवून ठेवलं होतं. आता ती कणीक पाण्याचा आणि तेलाचा हात लावून तिंबते, उचलून आपटते, पुन्हा तिंबते, ओढली की न तुटता लांबेल अशी होईपर्यंत. दोन पुऱ्या थापून मधे हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरते आणि कडा दाबून मिटवते. मग लाटणं बाजूला. तो गोळा दोन्ही तळव्यांवर घेऊन ती तो या हातावरून त्या हातावर फिरवते. मांडा मनगटापर्यंत येतो, मग कोपरापर्यंत. पुरण कुठेही फुटत नाही, कडा इतक्या पातळ होतात की त्यातून तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दिसतात. खापरावर पाण्याचा थेंब टाकून ती आच बघते. थेंब चर्र करून उडतो, आणि एका झोकात मांडा खापरावर पसरतो. पुढच्या काही क्षणांत तो भाजला जातो. उशीर केला की करपला. ती बोटांनी उचलून घडी घालते आणि परातीत टाकते.

भिंतीवरून खालाची सून बघते आहे. बऱ्हाणपूरचे मांडे वेगळे. इथले मुसलमान कारागीर पालथ्या कढईवर हातभर रुंदीची पातळ रोटी भाजतात, लग्नकार्याला ती टोपल्या भरभरून जाते. तिच्या सासरचे लोक ते काम जाणतात. ती आजीच्या हातांकडे बघते आणि म्हणते, "भाभी, हाथ तो हमारे उस्तादों जैसा है." आजी पहिला मांडा लेकीला वाढते, दुसरा आमरसाच्या वाटीसकट भिंतीवरून पलीकडे देते. संध्याकाळी ती वाटी दराबा भरून परत येते. रवा, साखर आणि तूप पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसून केलेला हा बऱ्हाणपूरचा खास गोड पदार्थ. रिकामी वाटी परत पाठवायची नाही, हा दोन्ही घरांचा नियम होता.

१९८४ : जैनाबादचा काठ

या मुक्कामी तुम्हाला तुम्ही स्वतः भेटाल. आठ-नऊ वर्षांचे, अर्ध्या चड्डीत किंवा फ्रॉकमध्ये, आजीचा पदर धरून. उन्हाळ्याची सुट्टी आहे. गावात आता हातमागांच्या जागी यंत्रमाग आले आहेत आणि त्यांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. मिल सरकारी झाली आहे, आजोबा निवृत्त झाले आहेत. गावाबाहेर जिथे कापूस होता तिथे केळीचे मळे पसरताहेत.

आजी तुम्हाला तापीपलीकडे जैनाबादला घेऊन आली आहे, आहूखाना दाखवायला. पडक्या भिंती, माजलेलं गवत. एक माणूस आलेल्या लोकांना माहिती सांगतो आहे: मुमताज महल जून १६३१ मध्ये बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात वारली, तिला आधी इथे पुरलं, डिसेंबरात तिचं शव आग्र्याला नेलं, मग ताजमहाल झाला. लोक ताजमहालाबद्दल विचारतात. आजी विचारते, "गेली कशाने?"

"बाळंतपणात. चौदावं मूल था."

आजी गप्प होते. तिची स्वतःची सात बाळंतपणं झाली, चार मुलं जगली. मग ती पुढचा प्रश्न विचारते, जो त्या सकाळी दुसऱ्या कोणीही विचारला नाही: "आणि बाळ? बाळ जगलं का?"

त्या माणसाला ते माहीत नसतं. आज तुम्ही मोठे आहात, तर तिच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला ठाऊक असू द्या. बाळ जगलं. मुलगी होती, गौहरआरा बेगम. आईविना वाढली आणि १७०६ पर्यंत, म्हणजे पंचाहत्तरीपर्यंत जगली. बादशहाच्या दुःखावर जगाने पुस्तकं लिहिली. बऱ्हाणपुरात जन्मलेल्या त्या मुलीची चौकशी करणारी माझ्या माहितीत ही एकच बाई. इतिहास शिकलेल्या माणसाला सुचला नाही असा हा प्रश्न तिला सुचला, कारण तिने इतिहास बाळंतिणीच्या खोलीत बसून पाहिला होता.

परत येताना ती राजघाटावर टेकते. नदीत दगडी हत्ती आहे. पाणी त्याच्या कुठवर आलं यावरून लोक पुराचा अंदाज घेतात. ती तुम्हाला नदीची दिशा दाखवते. "बघ, पाणी तिकडे चाललंय. तिकडे आपलं रावेर. माझ्या गावच्या घाटाला हेच पाणी लागतं." नकाशा काढून बघा, तिचं बरोबर आहे. तापी बऱ्हाणपूरवरून पुढे महाराष्ट्रात शिरते आणि रावेर तालुक्याच्या कडेने भुसावळकडे जाते. तीन सरकारं बदलली तरी नदीने तिचं माहेर सोडलं नाही.

२००३ आणि पुढे

१५ ऑगस्ट २००३ ला बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला. आजी पंचाहत्तर वर्षांची आहे. मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड, जुना मध्य प्रदेश, नवा मध्य प्रदेश. निमाड जिल्हा, खंडवा जिल्हा, आता बऱ्हाणपूर जिल्हा. एका जन्मात तिचा पत्ता इतक्या वेळा बदलला आणि घर मात्र शनवाऱ्याच्या आत तेच राहिलं. नातवंडं इंदूरला, पुण्याला. आजी मराठीत बोलते, नातवंडं हिंदीत उत्तर देतात. तिला चालतं, फक्त फोन ठेवताना "येते हं" म्हणायला ती सगळ्यांना शिकवते. "जाते" म्हणू द्यायची नाही.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरून भाचा गाडी घेऊन येतो, चोरवडचा नाका ओलांडून तिला शेवटचं माहेर दाखवून आणतो. वाटेत त्याच रस्त्यावर पुढे फैजपूरही आहे. ती म्हणते, तिथवर ने. पुढे दोन-तीन वर्षांनी ती वारली. घाटावर खालाच्या घरची माणसं होती, सिंधी वस्तीतली माणसं होती, रावेरची होती. रक्षा तापीत सोडली आणि पाणी तिला घेऊन रावेरकडे गेलं. २०२० च्या टाळेबंदीत ताप्ती मिल थांबली, तो भोंगा गप्प झालेला बघायला ती नव्हती हे एका परीने बरंच.

आता परत या. बऱ्हाणपूरला गेलात की मार्गदर्शक तुम्हाला किल्ला दाखवेल, शाही हमाम दाखवेल, जामा मशिदीतला अरबीच्या सोबतीने कोरलेला संस्कृत शिलालेख दाखवेल, कुंडी भंडाऱ्यात खाली उतरवेल. सगळं आवर्जून बघा, बघण्यासारखंच आहे. पण या गावाला गाव म्हणून टिकवलं ते बाहेरून आलेल्या बायांनी. आझमगढच्या, लाडकाण्याच्या, रावेरच्या. त्यांचा शिलालेख कुठेही नाही. त्यांची नोंद फक्त आपण करू शकतो.

तुमची आजी हयात असेल, मग ती बऱ्हाणपूरची असो, बेळगावची, बडोद्याची, इंदूरची नाहीतर न्यू जर्सीत मुलाकडे राहणारी, तर तिच्यापाशी बसा आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. लग्नाआधीचं नाव विचारा. आईचं नाव विचारा, आणि आईच्या माहेरचं गाव. सासरी आली ती कोणत्या गाडीने, पहिली शेजारीण कोण, पहिल्या वर्षी कशाने रडू आलं, कोणता पदार्थ कोणाकडून शिकली, किती मुलं झाली आणि किती जगली. ती म्हणेल, त्यात सांगण्यासारखं काय आहे? तरी विचारा. ऐकलेलं मराठीत लिहून काढा, तारीख घाला आणि घरातल्या सगळ्या मुलांना एकेक प्रत द्या. आजी नसेल, तर तिच्या धाकट्या बहिणीला, जावेला, जुन्या शेजारणीला गाठा. हे पुढच्या सुट्टीवर टाकू नका. या आठवड्यातच करा.